दार्जिलिंगचे पान, फोंड्याचे आधण

गेल्या मे महिन्यात भाच्याने दार्जिलिंगहून चहाचा पुडा आणला आणि फोंड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी त्याची जी गत केली, ती आठवली की अजून ओशाळायला होते. हिरवट-तपकिरी, मधूनच चंदेरी लव असलेली ती लांबट पाने मी रोजच्या सवयीने आल्यासकट खळखळ उकळली आणि वर दूध ओतले. आईने कप उजेडात धरला. ‘‘ह्याला रंगच आला नाही रे,’’ एवढेच म्हणून तिने तो खाली ठेवला.

दोष पानाचा नव्हता. दार्जिलिंगच्या उतारांवर मुख्यतः बारीक पानांचा चिनी वाण आहे, तर आपल्या डब्यातली दाणेदार पूड बहुधा रुंद पानांच्या आसामी वाणाची असते. दोन्ही वाण एकाच जातीचे असले, तरी आसामी पानात कॅटेचिने नावाची द्रव्ये अधिक असतात. पान चुरडले की त्यातले विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने या कॅटेचिनांपासून थिआफ्लेविने आणि थिआरुबिजिने घडवते. चहाचा तांबूस रंग आणि जीभ आवळणारा तुरटपणा त्यांचाच. दुधातले केसिन हे प्रथिन ही द्रव्ये धरून ठेवते, त्यामुळे दूध घातल्यावरही शिल्लक राहील एवढा तुरटपणा पानापाशी आधीपासूनच असावा लागतो. दार्जिलिंगच्या पहिल्या बहराकडून, म्हणजे हंगामातल्या पहिल्या खुडणीच्या पानाकडून, ज्याचे ऑक्सिडीकरणही बेताचेच होऊ देतात, ती अपेक्षा करणे म्हणजे निव्वळ अडाणीपणा होता, आणि तो माझा होता.

वाणाइतकेच ऊनही महत्त्वाचे. चहाला गोडसर, भरीव चव देणारे थिआनीन मुळांत तयार होऊन पानांत चढते, आणि उन्हात त्याचे विघटन होऊन त्यातला काही भाग कॅटेचिनांच्या घडणीत जातो. म्हणून जपानमध्ये ग्योकुरो या हिरव्या चहाची झुडपे खुडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे झाकून ठेवतात. गोव्यातल्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागायतीत, सावलीत वाढलेले विड्याचे पान ज्याने खाल्ले आहे, त्याला सावलीचा हा गुण निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

मला सर्वांत नवल वाटले ते तुडतुड्यांचे. भातावर ते दिसले की आमच्याकडचा शेतकरी कपाळाला हात लावतो. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहरात मात्र हिरवे तुडतुडे कोवळ्या पानातला रस शोषतात, तेव्हा डिवचले गेलेले झाड सुगंधी द्रव्ये निर्माण करते. ‘मस्कटेल’ म्हणून वाखाणला जाणारा द्राक्षांसारखा वास बऱ्याच अंशी या चाव्यांचीच देणगी आहे.

पुड्यात थोडी पाने उरली होती. आधण उतरवून, जरा निवू देऊन, मी ती तीन मिनिटे मुरत ठेवली आणि दुधाशिवाय गाळली. कपात फिकट सोनेरी रंग उतरला. आईने दोन घोट घेतले, ‘‘वास बरा आहे,’’ म्हणाली, आणि आपल्या चहासाठी दूध तापत ठेवले.