सॉकेट तेच, प्रोसेसर नवा

जुन्या गेमिंग कॉम्प्युटरबद्दल घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "चालतोय ना अजून?" चालतोय तर खराच. चालू होतो, पिक्चर दिसतो, लाइट बिल भरता येतं. पण सप्टेंबर 2023 मध्ये जुन्या काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या ऑनलाइन गेमच्या जागी काउंटर-स्ट्राइक 2 येऊन बसला आणि आदल्या दिवशीपर्यंत सुसाट पळणारा गेम स्मोक (धुराचा बॉम्ब) फुटला की धापा टाकायला लागला. मशीनला कोणी हात लावला नव्हता, गेमच जड झाला होता. हे आईला समजावणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

माझं मशीन 2017 चं. रायझन 5 1600 प्रोसेसर, बी350 चा मदरबोर्ड, 8 जीबीची एकुलती एक रॅम आणि 1050 टीआय हे ग्राफिक्स कार्ड. हातात रक्कम म्हणाल तर बोनसमधून हप्ते आणि फराळ वजा जाता उरलेली, बारा हजारांच्या आतली. मित्रमंडळींचा सल्ला असतो, आधी कार्ड बदल. आता 1050 टीआय 75 वॉटमध्ये भागवतं, त्याला वेगळी वायरसुद्धा लागत नाही. सेकंडहँड आरएक्स 580 कार्ड आणावं तर ते 185 वॉटचं, म्हणजे कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदला. एवढं केल्यावर जुना प्रोसेसर पुरा पडत नाही म्हणून तोही बदला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

माझ्या मते हिशोब मॉनिटरपासून उलटा करत यावा. मॉनिटर 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं (फ्रेम) दाखवणारा असेल तर सेकंदाला 140 फ्रेम मिळवून त्या ठेवणार कुठे? मग प्रश्न एवढाच उरतो, की मोक्याच्या क्षणी फ्रेम साठाच्या खाली का घसरतात. माझ्याकडे दोष प्रोसेसरचा आणि एकट्या रॅमचा होता.

इथे रायझन बनवणाऱ्या एएमडीने पुण्य केलंय. प्रोसेसर बोर्डावर जिथे बसतो ते एएम4 सॉकेट तेच ठेवून त्यांनी वर्षानुवर्षं प्रोसेसर काढले आणि 2022 मध्ये बी350 सारख्या पहिल्या पिढीच्या बोर्डांनाही रायझन 5000 मालिकेची दारं उघडली. इंटेलवाल्यांचं नशीब वेगळं. सहाव्या-सातव्या पिढीचं सॉकेट 1151 आणि आठव्या-नवव्याचंही 1151, तरी नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालत नाही. मी त्याच 5000 मालिकेतला रायझन 5 5600 घ्यायचं ठरवलं. त्याचे वॉटही माझ्या जुन्या प्रोसेसरइतकेच, 65. एसएमपीएसला पत्ताही लागत नाही.

घरून मंजुरी मिळाली ती मात्र वेगळ्याच कारणावर. विंडोज 10 ला मिळणारे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले आणि विंडोज 11 ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत 1600 नाही, 5600 आहे. "बँकेचे व्यवहार आहेत गं आई यावर," एवढं म्हटलं आणि काम झालं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

आधी बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अपडेट करायचा, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. ती निळी पट्टी सरकत असताना वीज गेली तर बोर्डाचा दगड होऊ शकतो, म्हणून इन्व्हर्टर असलेल्या मित्राच्या घरी मशीन नेणं शहाणपणाचं. मग कूलर, म्हणजे प्रोसेसरवरचा पंखा. तो सरळ वर ओढायचा नाही. दोघांच्या मधली, उष्णता वाहून नेणारी वर्षानुवर्षांची थर्मल पेस्ट सिमेंटसारखी घट्ट झालेली असते आणि एएम4 मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, तब्बल 1331. हिसका दिला की लॉक असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून वर येतो, पिना वाकतात. म्हणून आधी वीस मिनिटं एखादा गेम चालवून पेस्ट गरम करायची, मशीन बंद करून लगेच कूलर डावीकडे-उजवीकडे हलका पिळायचा. चिक् असा बारीक आवाज होतो आणि तो सुटतो. त्या आवाजाइतकं समाधान नव्या प्रोसेसरच्या खोक्यातसुद्धा नाही.

रॅमसाठी मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार. तिथला पहिला सवाल, "बिल चाहिये?" बिल म्हणजे 18 टक्के जीएसटी, बिल नाही म्हणजे वॉरंटीचं नाव काढायचं नाही. वर 2025 च्या अखेरीस एआयच्या सर्व्हरांनी मेमरी ओढून घेतली आणि रॅमचे भाव असे चढले की जुनी डीडीआर4 रॅमची स्टिकसुद्धा कपाटात कुलूप लावून ठेवावी. तरी जोडीला तेवढ्याच स्पीडची दुसरी 8 जीबी घेतली. दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दोघी बसल्या की ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही रॅम एकदम वापरणं, चालू होतं आणि अडखळणं बरंचसं थांबतं.

कार्ड तेच आहे. टेक्श्चर (भिंती-जमिनींवरचे बारकावे) लो वर ठेवले की 1050 टीआय अजून ओढतं. भिंतीचे पोपडे किती हुबेहूब दिसतात हे बघत उभं राहिलं, तर तसंही कोणीतरी गोळी घालतंच.