आमची वाटचाल : चोवीस मिलिमीटर

खंडेनवमीला नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या गाळ्यात हत्यारांची पूजा होते तेव्हा झेंडूचे पहिले फूल विमानाचा तोल पाहायच्या घोडीला वाहिले जाते. एका पाटावर उभ्या केलेल्या दोन सागवानी खुंट्या आणि त्यांच्या टोकांना चिकटवलेली पेन्सिलीची खोडरबरे, एवढीच ती वस्तू. ड्रिल मशीन, थर्मोकोल कापायची तापती तार, पंखाचा कोन मोजायचे माप, यांची किंमत तिच्या कितीतरी पट असली तरी त्यांचा नंबर नंतर लागतो. त्यामागे जे कारण आहे तेच आमच्या वाटचालीचे खरे प्रकरण आहे, आणि ते आजवर मी कुठेही सविस्तर लिहिलेले नव्हते.

आम्ही शाळा-महाविद्यालयांसाठी रिमोटवर उडणारी शिकाऊ विमाने बनवतो. आमच्या पहिल्या विमानाचा पंख दीड मीटर लांब आणि २५० मिलिमीटर रुंद होता, बॅटरीसह वजन १,६०० ग्रॅम भरत असे आणि पंखाचा छेद, म्हणजे पंख आडवा कापल्यावर दिसणारा आकार, क्लार्क-वाय होता. व्हर्जिनियस क्लार्क यांनी १९२२ मध्ये आखलेल्या या छेदाची खालची बाजू पुढचा तीसेक टक्के भाग सोडला तर सरळ असते, त्यामुळे सपाट पाटावर रिबा, म्हणजे पंखाच्या फासळ्या, मांडून पंख पीळ न पडता जुळवता येतो. बाल्सा या हलक्या लाकडाची प्रत्येक फळी मी स्वतः वजन करून निवडत असे; कडक फळी पंखाच्या स्पारला, म्हणजे लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांडीला, आणि सर्वांत हलकी शेपटीला, कारण शेपूट गुरुत्वमध्यापासून इतकी लांब असते की तिथे एक ग्रॅम वाढला तर नाकात तीन ग्रॅम शिसे भरावे लागते. पहिली पाच-सहा वर्षे अशी चांगली गेली.

मग लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आल्या. आमच्या निकेल-कॅडमियमच्या बॅटरीचे वजन ४४० ग्रॅम होते, नवीचे १८० ग्रॅम. एकदम २६० ग्रॅम वाचले म्हणून गाळ्यात पेढे वाटले गेले, हे मला आजही आठवते. नवी बॅटरी जुन्याच खोबणीत बसवली, विमान भल्या पहाटे सिन्नरच्या माळावर नेले आणि मी स्वतः उडवून पाहिले. ते नेहमीपेक्षा चपळ वाटले, एलिव्हेटरच्या, म्हणजे शेपटीवरच्या हलत्या पट्टीच्या, जरा स्पर्शाने नाक वर-खाली होई, आणि हा गुण आहे असे समजून मी जिल्ह्याबाहेरच्या एका संस्थेची बारा विमानांची ऑर्डर त्याच रचनेत पूर्ण केली.

मे महिन्यातल्या एका दुपारी त्या संस्थेच्या मैदानावर प्रात्यक्षिक ठेवले होते. विद्यार्थ्यांच्या हाती रिमोट दिल्यावर पहिल्या विमानाने धावपट्टी सोडली, गरम हवेच्या झोतात त्याचे नाक वर गेले ते वरच जात राहिले, पंखावरची हवा सुटली आणि ते डाव्या अंगावर पडून आपटले. दुसऱ्याचे तेच झाले. तिसरे मी माझ्या हातात घेतले तेव्हा ते व्यवस्थित उडून उतरले, आणि त्याचा उलटाच परिणाम झाला, कारण दोष विद्यार्थ्यांवर ढकलण्यासाठी मी हे केले असा तिथे समज झाला. चौथे पडल्यावर कार्यक्रम थांबवण्यात आला. उरलेली रक्कम रोखली गेली आणि कारण शोधण्यासाठी मी आठ दिवस मागितले असता ते दिले गेले नाहीत. याच गोष्टीचा सल माझ्या मनात अजून आहे. माल सदोष होता हे मी मान्य करतो. पण सहा वर्षे चांगला माल घेणाऱ्याने आठ दिवस द्यायला हवे होते.

सुरुवातीला मी हवेला दोष दिला. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, आणि ते मैदानही साधारण त्याच उंचीचे होते. पारा चाळिशीला पोचला की या उंचीवरची घनता प्रमाण हवेच्या १.२२५ किलो प्रति घनमीटरवरून सुमारे १.०५ पर्यंत उतरते. लिफ्ट, म्हणजे विमानाला उचलून धरणारा जोर, घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंखावरची हवा सुटते तो वेग, त्यामुळे साधारण आठ टक्क्यांनी वाढतो. हे गणित बरोबर असल्यामुळेच मी त्यात अडकलो, आणि नाकावरचा मोठा पंखा (प्रोपेलर), अधिक ताकदीची मोटर यांवर तीन आठवडे आणि उसने आणलेले पैसे घालवले. त्या काळात दोन कारागीर सोडून गेले आणि गाळ्याचे भाडे पत्नीच्या पगारातून गेले.

सिन्नरच्या एका हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवणारे सर आमचे पहिले गिऱ्हाईक. पहिले ग्लायडर त्यांनी स्वतःच्या खिशातून घेतले होते. प्रात्यक्षिकाची हकिकत कानावर गेल्यावर ते एसटीने आले, माझे सगळे हिशोब शांतपणे वाचले आणि म्हणाले, ‘‘अहो, वजन सोळाशेवरून तेराशे चाळीसवर आले, म्हणजे स्टॉलचा वेग साडेआठ टक्क्यांनी उतरलाय. पातळ हवेने जे नेले ते हलक्या वजनाने परत दिले. मग हवेचा दोष कसा?’’ नंतर त्यांनी मोडक्या तीनांपैकी सर्वांत धड विमान घेतले, नाक जुळवले, बॅटरी बसवली आणि पंखाखाली दोन तर्जन्या लावून उचलले. शेपूट धप्पकन खाली गेली. बोटे मागे सरकवत सरकवत तोल साधला तेव्हा पंखाच्या पुढच्या कडेपासूनचे अंतर ९९ मिलिमीटर भरले. आमच्या नकाशात ते ७५ होते.

झोताने विमानाचे नाक उचलले की हवेला सामोरा जाणारा कोन वाढतो आणि पंख व शेपूट दोघांचीही लिफ्ट वाढते. ही वाढीव लिफ्ट ज्या बिंदूवर एकवटते त्याला आम्ही उदासीन बिंदू म्हणतो. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे असेल तर तीच वाढीव लिफ्ट नाक पुन्हा खाली आणते, आणि मध्य त्या बिंदूवर आला की नाक परत आणणारे काहीच उरत नाही. आमच्या विमानात हा बिंदू पंखाच्या रुंदीच्या साधारण ४० टक्क्यांवर, म्हणजे १०० मिलिमीटरवर होता. २६० ग्रॅम नाकाकडून काढून घेतल्याने गुरुत्वमध्य आणि या बिंदूमधले पूर्वीचे २५ मिलिमीटरचे राखीव अंतर एक मिलिमीटरवर आले होते.

मग ते माझ्या हातात का उडले? कारण सरावलेला हात नाक हलण्याआधीच दुरुस्ती करतो आणि ती केल्याचे त्याला स्वतःलाही कळत नाही. राइट बंधूंचे १९०३ चे विमानही नाकाच्या हालचालीत अस्थिरच होते. ग्लायडरवर काही वर्षे हात बसला होता म्हणून १७ डिसेंबरची ती बारा सेकंदे साधली. पहाटेच्या निवांत हवेत मी एकट्याने घेतलेली चाचणी ही चाचणीच नव्हती. म्हणून हा धंदा करणाऱ्या तरुणांना मी न विचारता सांगतो की नवे विमान आधी घोडीवर ठेवा, बॅटरी आत असताना ठेवा, आणि मग ज्याने आयुष्यात रिमोट धरलेला नाही अशा माणसाच्या हाती वाऱ्याच्या दुपारी द्या. वळणाचीही काळजी घ्या : ६० अंश कललेले विमान उंची राखून वळते तेव्हा पंखावर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो, आणि नवशिका नेमका तिथेच एलिव्हेटर ओढतो.

याच दरम्यान एका प्रतिस्पर्ध्याने त्या संस्थेची ऑर्डर मिळवली. त्याचा पंख आमच्याच रिबांवरून उतरवलेला होता. मुळाजवळच्या तिसऱ्या रिबेत तार ओवण्यासाठी आम्ही पाडलेले अंडाकृती छिद्रसुद्धा तसेच होते, आणि त्याच्या विमानात त्या छिद्रातून कोणतीच तार जात नव्हती. आमची विमाने पडतात असे तो गिऱ्हाइकांना सांगत असे, आणि स्वतःच्या विमानाच्या चंचलपणाबद्दल कोणी विचारले तर नाशिकजवळच्या ओझरला जुळणी होणाऱ्या सुखोई या लढाऊ विमानाचा दाखला देत असे. सुखोई-३० नाकाच्या हालचालीत मुद्दाम अस्थिर ठेवले आहे हे खरेच. पण तिथे वैमानिकाच्या हाताच्या आणि एलिव्हेटरच्या मध्ये क्षणोक्षणी दुरुस्ती करणारी विद्युत नियंत्रण प्रणाली असते. आठवीतल्या मुलाच्या हातातल्या विमानाला हा दाखला देणे मला आजही अप्रामाणिकपणाचे वाटते.

सरांनी त्याच दिवशी सहा विमानांची ऑर्डर आणि निम्मी रक्कम दिली. त्या सहांत आम्ही नाक लांबवून बॅटरीची खोबण पुढे नेली, तिच्या मागे लाकडी अडसर बसवला, आणि पंखाच्या पोटावर ७५ मिलिमीटरवर लाल रेघ मारली. ती रेघ आमच्या प्रत्येक विमानावर आजही असते. घोडीही सरांनीच त्यांच्या शाळेच्या सुताराकडून करून दिली.

गेल्या वर्षी त्या जुन्या संस्थेकडून पुन्हा वीस विमानांसाठी विचारणा आली. मी कोटेशन पाठवले, त्यात बॅटरीचे वजन, तिची जागा आणि गुरुत्वमध्याची मर्यादा पहिल्या ओळीत लिहिली आणि पूर्ण रक्कम आगाऊ लागेल असे दुसऱ्या ओळीत. उत्तर अजून आलेले नाही.