मुहूर्त विचारला, होकार नेला

मंगळवार, रात्री साडेदहा

आज दिवसभर उसंत नव्हती. मंगळवारी अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात गर्दी असते, आणि अभिषेक उरकून परतणारी चार-दोन माणसं पत्रिका घेऊन माझा ओटा चढतातच. पोरीला मंगळ आहे, स्थळं परत जातात, वय चाललं. मी बोटांवर मोजून दाखवतो: पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं. बारापैकी पाच घरांत मंगळ दोषाचा धरला, तर निम्म्याला थोड्या कमी पोरी ‘कडक’ निघायच्या. एवढ्या पोरी देवाने बिघडवून पाठवल्या असतील का? काही जण हसतात. काही सरळ दुसरीकडे जातात.

लिहायचं आहे ते दुपारच्या बाईबद्दल. पारोळ्याकडची, सोबत नणंद. छातीत गाठ. डॉक्टरांनी काढून तपासायला सांगितली आहे. बाई गप्प, नणंदच बोलत होती. “महाराज, डॉक्टरनी अमावस्यानी तारीख दिनी. आठ दिन पुढे करू का?” रास मेष. शनी 29 मार्च 2025 ला मीनेत गेला तेव्हापासून मेषेला साडेसाती, म्हणून गाठ आली, हे त्यांचं घरीच ठरलं होतं. मी म्हटलं, ताई, बारा राशींतल्या तीन राशींना साडेसाती कायमच चालू असते. दर चौथ्या माणसाला गाठ येते का?

ते पटलं. अमावस्या मात्र पटेना.

पंचांग समोर उघडं होतं. सहा दिवसांनी एक स्वच्छ दिवस दिसत होता. तो सांगितला असता तर 251 रुपये ठेवून, पाया पडून गेल्या असत्या, आणि मी काही खोटं बोललो असंही कुणी म्हणालं नसतं. पण आमच्याकडचं मला ठाऊक आहे. बाईचं ऑपरेशन एकदा पुढे गेलं की ते पितृपक्षावर जातं, मग नवरात्रावर, मग कापूस वेचायला माणूस नाही म्हणून दिवाळीनंतर. सहा दिवस कधीच सहा राहत नाहीत.

मुहूर्त देणं म्हणजे होकार देणं, हे मला एका बोअरने शिकवलं. तेरा-चौदा वर्षं झाली असतील. कोरडवाहू गावातला शेतकरी, जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याला शेतात फिरवून आलेला. तळहातावर नारळ उभा राहिला, जागा ठरली, आता मुहूर्त तेवढा द्या. मी दिला. पतपेढीचं कर्ज, बायकोची पोत गहाण. साडेचारशे फूट गेले, नुसती धूळ. खाली काळा पाषाण. तो भांडायला आला नाही. बाजारात भेटला, रामराम केला आणि पुढे गेला. मी स्वतःला किती दिवस समजावलं की त्याने ‘केव्हा’ विचारलं आणि मी ‘केव्हा’च सांगितलं, पाणी लागेल असं कुठे म्हणालो? पण तो ‘केव्हा’ विचारायला आलाच नव्हता. नारळ उभा राहिल्यावरही त्याच्या मनात धाकधूक होती आणि ती काढून टाकायला त्याला कुणीतरी हवं होतं. मी ती काढून टाकली, तेही पंचांगाचं पान उलटायला लागतो तेवढ्या वेळात.

गंमत म्हणजे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातून जोशी-ज्योतिषाचा सल्ला आणि जमिनीखालच्या पाण्याचा सल्ला दोन्ही वगळलेले आहेत. म्हणजे पाणाड्याही मोकळा, मीही मोकळा. हप्ते तेवढे शेतकऱ्याचे.

तेव्हापासून वही ठेवतो. डाव्या पानावर काय विचारलं, काय सांगितलं. उजव्या पानावर पुढे काय झालं. वडील असलं काही ठेवत नसत. त्यांना दक्षिणेत ज्वारी मिळायची, आणि गाव एवढं लहान की चुकलेलं भाकीत दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर समोर यायचं. माझी माणसं जळगाव, धुळे, सुरतेहून येतात. चुकलं तर परत येत नाहीत, बरोबर आलं तर चार जणांना घेऊन येतात. वही नसती तर मला वाटलं असतं की माझं कधी चुकतच नाही. जयंत नारळीकरांनी 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या होत्या: हुशार मूल कोणतं, मतिमंद कोणतं, ओळखा. सरासरी 46 टक्के बरोबर आलं. नाणं उडवून याहून वाईट झालं नसतं. आमच्या व्यवसायातले लोक त्यावर अजून चिडतात. मी माझी उजवी पानं मोजली आणि चिडायचं सोडून दिलं.

मग ओट्यावर बसतोस कशाला, असं बायको विचारते. आजच्यासारख्या दिवशी उत्तर सोपं वाटतं: मी नसतो तर त्या दुसऱ्या ओट्यावर गेल्या असत्या आणि तिथे शांतीचा खर्च निघाला असता. पण हे उत्तर मला फार सोयीचं आहे, तेही कळतं.

आणि आज मी केलं काय? “तारीख बदलू नका, डॉक्टर सांगतील तोच मुहूर्त” एवढ्यावर थांबायला हवं होतं. नणंदेचा चेहरा हलेना. तेव्हा मी पंचांगावर हात ठेवला आणि म्हणालो, “अमावस्येला कापलेला रोग परत उगवत नाही, असं शास्त्र आहे.” असं शास्त्र मी कुठेही वाचलेलं नाही. तोंडातून आलं.

बाई पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. घरी जाऊन देवापुढे दिवा लावते म्हणाली. मी दक्षिणा घेतली नाही, तरी नणंद सुपारीखाली 51 रुपये ठेवून गेली.

वही उघडून बसलो आहे. डावं पान अर्धं भरलंय. ‘काय सांगितलं’ इथे ते वाक्य लिहायला पेन टेकवतो आणि उचलतो. अमावस्या गुरुवारी आहे.