गारठा मोडण्यापुरतं

‘काढलेलं दूध गरम कसं करायचं हो?’ हे मला पहिल्यांदा लोकलमध्ये विचारलं गेलं. जुलै महिना. सायन सोडून कुर्ल्याच्या अलीकडे रुळांवर पाणी, आणि आमची भांडुपकडे निघालेली स्लो गाडी पाऊण तास जागची हललेली नव्हती. लेडीज डब्यात सगळ्यांचे फोन चालू होते. कुणी कुकर लावायला सांगत होती, कुणी पोरांचा अभ्यास घेत होती. मी बाळासाठी काढून ठेवलेल्या माझ्या अंगावरच्या दुधाबद्दल सासूबाईंना सांगत होते, ‘आई, मागच्या रांगेतली डबी काढा, सोमवारची.’ शेजारी सातवा महिना लागलेली एक मुलगी होती. तिने ते ऐकलं आणि विचारलं. त्यानंतर ऑफिसमध्ये, सोसायटीत, बारशाच्या पंगतीत हा प्रश्न इतक्या वेळा आला की आता तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते. मी डॉक्टर नाही. आमच्या बाळाच्या डॉक्टरांनी शिकवलेलं आणि स्वतः चुकून शिकलेलं, एवढंच सांगते.

घोळ ‘गरम’ या शब्दातच आहे. आपल्याकडे बाळाच्या दुधाचे प्रकार दोनच, अंगावरचं आणि वरचं. वरचं म्हटलं की पिशवी फोडायची, पातेलं गॅसवर चढवायचं, उतू जायच्या आत ज्योत बारीक करायची, रात्री परत एकदा तापवायचं. अंगावरचं दूध डबीत भरून फ्रिजमध्ये गेलं की घरातल्या सगळ्यांचे हात आपोआप त्याला वरच्या दुधाचे नियम लावतात. त्याला मात्र ना गॅस, ना उकळी, ना दुसऱ्यांदा तापवणं. या दुधात जिवंत पेशी असतात, जंतूंशी लढणारी प्रथिनं असतात. जास्त आच लागली की त्यांचं नुकसान होतं, आणि हे दूध काढून ठेवण्याचा सगळा खटाटोप तर त्यांच्यासाठीच असतो.

करायचं एवढंच. एका वाडग्यात कोमट पाणी घ्यायचं, हात सहज बुडवता येईल इतपत. त्यात झाकण लावलेली डबी काही मिनिटं उभी ठेवायची. पाणी गार झालं तर बदलायचं. मग मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून बघायचे. गरमही लागू नये, गारही लागू नये. आंघोळीच्या पाण्याचा गारठा मोडतो म्हणतात ना, तेवढंच. गोठवलेलं असेल तर आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली फ्रिजमध्ये काढून ठेवायचं. घाई असेल तर डबी नळाखाली धरायची, आधी साध्या पाण्यात, मग कोमट पाण्यात.

मायक्रोवेव्ह नको. तो दूध सगळीकडून सारखं तापवत नाही. बाटली हाताला कोमट लागते आणि आत मध्येच कुठेतरी चटका बसेल असं दूध असतं. मनगटावरचे दोन थेंब ते सांगत नाहीत, बाळाची जीभ सांगते.

आणि खरं सांगू? निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला दूध कोमट करून द्यायलाच हवं असंही नाही. फ्रिजमधलं थंड चालतं, घरातल्या हवेचं झालेलं चालतं. सासूबाईंना हे शेवटपर्यंत पटलं नाही. ‘अगं, घसा धरेल त्याचा,’ म्हणायच्या. मी वाद घातला नाही. दिवसाचे नऊ तास त्या बाळाला सांभाळत होत्या, वाडगा त्यांचा होता.

एकदा मात्र आम्हा दोघींना रडू आलं. मी कामावर रुजू होऊन चौथा दिवस. आईंनी डबी काढली तर वर पिवळसर थर आणि खाली निळसर पाणी. दूध नासलं असं समजून त्यांनी 90 मिलि मोरीत ओतलं. त्यात त्यांचं काय चुकलं? वरचं दूध असं दिसलं असतं तर मीही ओतलं असतं. ती साय होती. अंगावरच्या दुधातली चरबी वर येऊन बसते. डबी हलक्या हाताने गोल फिरवली की परत मिसळते. ते सांगायला मी विसरले होते. ते 90 मिलि काढायला मला अर्धा तास लागला होता, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं नाही. पण त्यांना कळलं होतं.

गोठवलेल्या दुधाला कधी साबणासारखा वासही येतो. दुधातलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, चरबीचं विघटन करतं, त्याचा तो वास. दूध बिघडलेलं नसतं, बाळाला आवडलं तर खुशाल द्यावं.

आता तासांचं. वाचनात येतं की काढलेलं दूध बाहेर 4 तास टिकतं. पण पुढचं वाक्य कुणी वाचत नाही: 25 अंशांपर्यंतच्या हवेत. भांडुपला मे महिन्यात दुपारी तीनला स्वयंपाकघरात 25 अंश? आमच्याकडे ओट्यावर डबी ठेवायची नाही, थेट फ्रिजमध्ये, हाच नियम होता. फ्रिजमध्ये 4 दिवस. फ्रीजर खरोखर थंड, म्हणजे उणे 18 च्या आसपास असेल, तर 6 महिने उत्तम, ताणलं तर 12. आइस्क्रीम मऊ पडत असेल त्या फ्रीजरवर मी भरवसा ठेवणार नाही. डबी दारात नको, दार दिवसातून चाळीस वेळा उघडतं. आत मागच्या बाजूला ठेवायची. गोठवताना काठोकाठ भरायची नाही, दूध फुगतं. नुकतंच काढलेलं कोमट दूध गोठलेल्या दुधावर ओतायचं नाही, आधी फ्रिजमध्ये गार करायचं. फ्रिजमध्ये पूर्ण वितळलेलं दूध 24 तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावून उरवलेलं 2 तासांनंतर टाकायचं. जीव तुटतो, पण टाकायचं. म्हणूनच डब्या छोट्या भरा, 60 मिलिच्या. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळासाठी हे सगळे आकडे बाजूला ठेवा आणि डॉक्टर सांगतील तेच करा.

हे सगळं करावं का लागतं? हिशेब बघा. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची रजा मिळते. त्यातले 8 आधी घेतले, तर बाळंतपणानंतर उरतात 18. डॉक्टर सांगतात सहा महिने फक्त अंगावरचं. म्हणजे मधल्या दोन महिन्यांचं दूध डब्यांतून यायचं. 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर ठेवायचं असा कायदा आहे. आमच्या फोर्टच्या ऑफिसात माणसं सत्तावीस. मी जुन्या फायलींच्या खोलीत आतून कडी लावून पंप चालवायचे. फ्रिजमध्ये डबी कागदी पिशवीत गुंडाळून ठेवायचे, कारण पांढरं काही दिसलं की चहात ओतायची आमच्याकडे चाल आहे. घरी नेताना जाड थर्मल पिशवीत गोठलेल्या बर्फाच्या पुड्या, आणि डब्या त्यांना चिकटून. असं 24 तास टिकतं. म्हणून त्या पावसात गाडी अडकली तेव्हा मला दुधाची काळजी नव्हती. छाती भरून दुखत होती, ती वेगळी गोष्ट.

त्या मुलीने मला पुढे विचारलं होतं, ‘पण सायनच्या दूध बँकेत तर तापवतात म्हणे?’ बरोबर आहे. आम्ही अडकलो होतो त्याच्या अलीकडेच ते रुग्णालय, लोकमान्य टिळक. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये तिथे आशियातली पहिली मातृदुग्ध बँक सुरू केली. तिथलं दूध एका आईचं आणि बाळ दुसऱ्याच आईचं, तेही बहुधा नाजूक, कमी वजनाचं. म्हणून दात्या आयांच्या तपासण्या होतात आणि दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं ठेवून लगेच गार करतात. उकळी तिथेही नाहीच. काही गुण त्यात जातात, पण वरच्या दुधापेक्षा ते त्या बाळांना मानवतं. आपल्याच आईचं दूध पिणाऱ्या घरच्या धडधाकट बाळाला ही गरज नसते.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंची लेक बाळंतपणाला आली. मी कामावरून परतले तर सासूबाई त्यांच्या ओट्यापाशी उभ्या, डबी ट्यूबलाइटपुढे धरून सायीचा थर दाखवत होत्या. ‘हे नासलेलं नाही हं,’ त्या सांगत होत्या, ‘मी एकदा ओतलं होतं.’ शेजारी वाडग्यात कोमट पाणी होतं आणि गॅस बंद होता.