आई पर्वरीला आली, पत्ता सावईवेऱ्याचाच राहिला

मागच्या ऑगस्टमध्ये आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण मोबाईल माजघरात राहिलेला, त्यामुळे उजाडेपर्यंत ओल्या लादीवर बसून राहिली. सकाळी कामाला येणाऱ्या बाईने तिला उठवलं. दुपारी आईचा फोन आला, "मी आता तुझ्याकडेच येते." विचारलं नाही, सांगितलं. वय एक्याऐंशी. बाबा गेल्यापासून सहा वर्षं सावईवेऱ्याला, कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) त्या मोठ्या घरात एकटी. मी लगेच हो म्हणाले आणि रात्रभर जागी राहिले.

गोव्यातच पर्वरीला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट. मुलगा बारावीला. संध्याकाळी चार ते सात हॉलमध्ये माझ्या शिकवण्या चालतात. म्हातारं माणूस कायमचं घरात येणार तर आधी स्पष्ट बोलून घ्यावं, हे मी दहा ठिकाणी ऐकलं होतं. आईशी असं बोलायचं कसं याचंच मला दडपण होतं. प्रत्यक्षात ते पेज खाता खाता अर्ध्या तासात झालं. सकाळचं स्वयंपाकघर माझं, संध्याकाळचं तिचं. चार ते सात टीव्ही बंद. मुलाची खोली मुलाचीच, आईचा पलंग आमच्या खोलीत आणि आम्ही दोघं हॉलमध्ये. दर महिन्याचा पहिला आठवडा आणि चवथ (गणेशचतुर्थी) सावईला, सोबत मी नाहीतर दादा.

तिच्याही दोन अटी होत्या. घराची किल्ली तिच्याकडे राहील, आणि महिन्याला तीन हजार रुपये ती मला देईल. "जावयाच्या घरी फुकट जेवायची नाही." पैशांवरून मी वाद घातला, मला ते टोचलं. शेवटी हेच म्हणाले, "घे. त्यांना मानाने राहू दे." घेतले, आणि बरं केलं. पहिल्या महिन्यापासून ती पाहुणीसारखी वागली नाही. हे सगळं आम्ही कागदावर लिहून फ्रीजला लावलं. लिहून ठेवाच. आठवणीवर ठेवलं की प्रत्येकाची आठवण वेगळी निघते.

आईशी बोलणं असं सरळ झालं. अडलं ते बँकेच्या काउंटरवर.

बाबा टपाल खात्यात होते, म्हणजे केंद्र सरकारचे कर्मचारी. आईला त्यांची फॅमिली पेन्शन मिळते. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो, पण ऐंशी पूर्ण झालेल्यांना तो 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. गर्दी टळावी म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात आईला घेऊन तिची पेन्शन जमा होते त्याच बँकेच्या इथल्या शाखेत गेले.

काउंटरवर बोटांचे ठसे घ्यायचं छोटं मशीन. आईने उजवा अंगठा ठेवला. लाल दिवा. "आजी, जोरानं दाबा." पुन्हा लाल. पदराने बोट पुसलं, काचही पुसली. दहाही बोटं झाली. साठ वर्षं सुपारी सोललेली बोटं ती. अंगठ्याची कातडी गुळगुळीत, मध्ये एक जुनी काळपट भेग, तिथे रेघ म्हणून उरलेली नाही. आई आपल्याच हाताकडे बघत राहिली, जणू तिच्याकडूनच काही चूक झाली होती. मला ते अजून विसरता येत नाही.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, "आधार अपडेट करून आणा. आता तुमच्याकडेच राहतात ना? मग पत्ताही तुमचाच घाला. खातंही इथे ट्रान्सफर करू, आणि तुमचं नाव जॉइंटला लावून टाका, म्हणजे यांना यायलाच नको." त्याचा हेतू वाईट नव्हता. पण दाखला फक्त ती जिवंत असल्याचा हवा होता. त्यासाठी तिचा पत्ता, खातं आणि सही सगळं माझ्याकडे वळवायचा सल्ला एका दमात देऊन तो मोकळा झाला. आणि मी मान डोलावली. तो राग अजून माझ्या मनात आहे, त्याच्यावर कमी आणि स्वतःवर जास्त.

दोन दिवसांनी आधार केंद्र. सकाळी साडेआठला टोकन, नंबर आला पावणेएकला. मधल्या चार तासांत तिला पाणी दिलं, औषधं दिली, बसायला मात्र प्लास्टिकची बिनपाठीची खुर्ची. मी फॉर्म भरत होते. पत्त्याच्या रकान्यात फ्लॅटचा नंबर लिहिला आणि आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. "हे नको. माझा पत्ता सावईचा." मी समजावलं, नुसता कागद आहे गं. ती म्हणाली, "नुसता कागद आहे तर मग बदलतेस कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. टोकन तसंच टेबलावर ठेवून आम्ही घरी आलो. रिक्षात ती काही बोलली नाही. घरी आल्यावर पिशवीतून किल्ली काढून देवांपुढे ठेवली.

पुन्हा बँक. यावेळी दुसरा माणूस, तेच मशीन, तोच लाल दिवा आणि तोच सल्ला. मी म्हटलं, पत्ता बदलणार नाही, जॉइंट करणार नाही, दाखला कसा द्यायचा तेवढं सांगा. तो म्हणाला, "मग मूळ शाखेत जा." म्हणजे आईला तासभर गाडीत बसवून पुन्हा तशाच मशीनसमोर न्यायचं.

सोडवलं ते माझ्या शिकवणीतल्या एका मुलीच्या आजोबांनी. ते स्वतः पेन्शनर. म्हणाले, "बोटं कशाला? चेहऱ्याने होतं." 2021 पासून ही सोय आहे आणि काउंटरवरच्या दोघांपैकी कुणी एका शब्दाने सांगितली नाही! मोबाईलवर दोन ॲप घ्यायची, जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी. आधी मोबाईल चालवणाऱ्याचा चेहरा, मग पेन्शनरचा. आधार नंबर, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर आणि खाते नंबर जवळ ठेवा. पेन्शनचा प्रकार ‘फॅमिली’ निवडा, मी घाईत पहिल्यांदा चुकीचा निवडला होता. आईला खिडकीकडे तोंड करून बसवलं, चष्मा काढला, पापण्या मिटून उघडायला सांगितल्या. दहा मिनिटांत मेसेज आला. डोळे पुसायला मी आत गेले. पेन्शन कुठल्याही शाखेत असो, घर कुठेही असो, हे कुठूनही होतं. नंतर दाखला स्वीकारला गेला का तेवढं तपासा. मोबाईल जमत नसेल तर पोस्टमनला घरी बोलवा. पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे तो सत्तर रुपयांत हे करून देतो.

जॉइंटचं मात्र मी मनाशी पक्कं केलं. खातं आईच्या एकटीच्या नावावर, नॉमिनी दादा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे घेणारा, हे दोघांनाही सांगितलं. खात्यातून पैसे काढायचे तर ती चेकवर सही करते. हात थरथरतो, सही वाकडी येते, म्हणून मी बँकेत तिच्या आताच्या सहीचा नवीन नमुना देऊन ठेवला. हे आधीच करा.

दादाचा फोन त्याच महिन्यात आला. "आई तिथेच राहणार तर घर बक्षीसपत्राने आमच्या दोघांच्या नावावर करून घेऊ, नंतरची कटकट नको." तो लबाड नाही, पुण्यात बसून त्याला सगळं सोपं वाटतं. मी नाही म्हणाले. गोव्यात वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर संपत्ती नवराबायकोची सामाईक असते. म्हणजे बाबा गेल्यावरही अर्धं घर वारशाने नाही, मुळातच आईचं आहे. तिला ते कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, "अर्धं? माझं?" ज्यांना बक्षीसपत्र करायचंच आहे त्यांनी सांभाळ करण्याची अट त्यातच स्पष्ट लिहून घ्यावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली, अट पाळली नाही तर ते रद्द करून घेता येतं. घरात बोलणंच खुंटलं असेल तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

एक राहिलं. रात्री आमच्या खोलीत झोपताना आईने मोबाईल गळ्यात अडकवायचा, ही अट मी नंतर घातली. तिने कुरकुर केली, पण पाळते.

उद्या पहिली तारीख. आईची पिशवी दारापाशी तयार आहे. त्यात किल्ली, औषधांचा डबा आणि तुळशीपुढे लावायला नवीन वाती. या वेळी सोबतीची पाळी दादाची, मी तिला सोडून संध्याकाळी शिकवणीच्या वेळेला परत येणार आहे. आठवडाभर टीव्हीचा रिमोट मुलाकडे.