दहा ताटल्या, दहा घरच्या

शनिवार, रात्री साडेअकरा

उद्या सणाचं जेवण. दहा जण यायचेत. टेबल मांडून झालंय, तरी मी झोपायचं सोडून त्याच्याभोवती घिरट्या घालतेय.

दहा ताटल्या, पण जोडी कुणाचीच नाही. वर्षभर जुन्या सामानाच्या दुकानांतून एकेक उचलून आणल्या. दुपारी सगळ्या पहिल्यांदा एकत्र मांडल्या तेव्हा पोटात गोळाच आला. कुणीतरी घर रिकामं करून सामान विकायला काढलंय, असं दिसत होतं. (खरं तर प्रत्येक ताटली तशाच कुठल्यातरी घरातून आली असणार.) मग तासभर नुसती अदलाबदल. नक्षीशी नक्षी जुळवत बसले, तीच चूक. दोन फुलंवाल्या शेजारी आल्या की भांडतात. शेवटी नक्षीचा नाद सोडून आकार धरला. फार पसरट होत्या त्या दोन काढल्या आणि त्यांच्या जागी घरातल्या साध्या पांढऱ्या आणल्या. टेबलक्लॉथ बिननक्षीचा. आणि प्रत्येक जागी कुठेतरी निळा: ताटलीत नाही तर पेल्यात, पेल्यात नाही तर नॅपकिनमध्ये. तेवढ्यानं भांडण मिटलं.

माझी लाडकी गडद नारिंगी ताटली मात्र जेवायला नाही. तिच्या ग्लेझवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावर, जाळ्यासारख्या बारीक भेगा आहेत. खालची माती आणि वरचं ग्लेझ सारख्याच प्रमाणात आकसलं नाही की अशा भेगा पडतात. शिवाय जुन्या भडक रंगांत शिसं असू शकतं, आंबट पदार्थात ते उतरतं, आणि नुसतं बघून काही कळत नाही. म्हणून तिच्यावर मेणबत्त्या ठेवल्या.

"आई, हिला शिक्षा का गं?" लेकीनं विचारलं.

शिक्षा कसली, बढती आहे म्हटलं.

एक ताटली इतकी पातळ की दिव्यासमोर धरली तर मागच्या बोटांची सावली दिसते. बोन चायना. त्यात हाडांची राख असते, आणि मावशी कडक शाकाहारी. तिला कळणारही नाही, पण मला माहीत आहे ना! तिच्यापुढे साधी पांढरी ठेवली.

एका छोट्या बशीच्या पाठीवर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा शिक्का आहे. 1945 ते 1952 जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता, त्या काळात निर्यातीच्या बऱ्याच मालावर तो असायचा. उद्याच्या मंडळींत या बशीहून मोठे फक्त आजोबा. तेव्हा ती त्यांच्यापुढे.

सोनेरी काठाच्या तिघी मायक्रोवेव्हमध्ये घालायच्या नाहीत, ठिणग्या उडतात. हे उद्या मदतीला धावणाऱ्यांना आधीच सांगायचं. (विसरणार मी.)

सगळ्यात शेवटी वाढायचा मोठा चमचा पुसला. टोकाशी डावीकडून झिजलाय. कुणीतरी उजव्या हातानं वर्षानुवर्षं भांड्यांचे तळ खरवडलेत त्यानं. दांड्यावर दोन अक्षरं कोरलीयत, आमच्या घरातल्या कुणाचीच नाहीत. लेक बराच वेळ नावं लावून बघत होती.

मी डावखुरी. तो माझ्या हातात धड बसत नाही. तरी उद्या वाढायला तोच घेणार आहे.