ऐतिहासिक चित्रपटांना सातपुडा कधी दिसणार?

ऐतिहासिक चित्रपटांत सर्व समाजघटकांना स्थान मिळावे असे म्हटले, की आता इतिहासाची मोडतोड होणार अशी भीती लगेच व्यक्त केली जाते. ही भीती मला पटत नाही, कारण पडद्यावर दिसणाऱ्या इतिहासापेक्षा दप्तरांत सापडणारा इतिहास कितीतरी अधिक अठरापगड आहे.

इंग्लंडमध्ये २०१९ साली डिकन्सच्या कादंबरीतला इंग्रज नायक डेव्हिड कॉपरफिल्ड याची भूमिका भारतीय वंशाच्या देव पटेल यांनी केली. दिग्दर्शकाने घेतलेले ते स्वातंत्र्य मला आवडले. आपल्याकडे तर तेवढ्या स्वातंत्र्याचीही गरज नाही. १६२४ साली भातवडीच्या लढाईत निजामशाही फौजेचे नेतृत्व मलिक अंबर या हबशी सेनानीकडे होते आणि शहाजीराजे त्याच बाजूने लढले. १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याने सांभाळला. असे असूनही १९८३ सालच्या ‘रझिया सुलतान’मध्ये हबशी याकूतची भूमिका धर्मेंद्र यांच्याकडे गेली आणि त्यांच्या चेहऱ्याला काळा रंग फासण्यात आला. आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज तेव्हाही याच देशात राहत होता.

आमच्या खानदेशाच्या बाबतीत हा प्रश्न मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. इंग्रजांनी १८१८ साली हा मुलूख घेतला, पण सातपुड्यातील भिल्लांना ताब्यात आणणे त्यांना जड गेले, म्हणून १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभारण्यात आली. भिल्ल पुढारी खाज्या नाईक तर सेंधव्याच्या घाटात सरकारी पहाऱ्यावर होते. त्यांनी तुरुंगवास भोगला, पुन्हा नोकरी पत्करली आणि अखेर १८५७ साली त्याच सरकारविरुद्ध शस्त्र उचलले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला लढाई झाली आणि त्यानंतर अनेक भिल्ल स्त्रियांना कैद करण्यात आले. ज्या माणसाने इतकी वर्षे घाट राखला, त्याच्या मनात नोकरी आणि आपली माणसे यांच्यात काय ओढाताण झाली असेल! मोठ्या चित्रपटासाठी याहून समर्थ नायक कोणता हवा?

आपल्या बहुतेक ऐतिहासिक चित्रपटांत मात्र आदिवासी येतो तो वाट दाखवण्यापुरता किंवा शेकोटीभोवती नाचण्यापुरता. त्याला नाव नसते, घर नसते आणि भाषा तर अशी असते की ती कोणत्याही पाड्यावर बोलली जात नाही. अहिराणीचे दुखणे थोडे वेगळे आहे. तिच्यातील विनोदी चित्रफितींना यूट्यूबवर मोठा प्रेक्षक लाभला, पण गंभीर प्रसंगात, राजकारणाच्या मसलतीत किंवा शोकात बोलणारे अहिराणी पात्र मोठ्या चित्रपटात सहसा भेटत नाही. ज्या बोलीत लोक लग्ने लावतात आणि मयताला रडतात, ती केवळ हसण्यासाठी राखून ठेवणे हा तिच्यावरील अन्याय आहे.

इतिहासाचार्य राजवाडे यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तेथे आहे. निर्मात्यांनी चित्रीकरणाआधी तेथे जरूर यावे. त्याचबरोबर शिरपूर, चोपडा, धडगाव या भागांतही फिरावे आणि तेथील तरुणांना गर्दीत उभे करण्याऐवजी भूमिका द्याव्यात, संवाद लिहिताना त्यांना सोबत बसवावे. खाज्या नाईकांनी पडद्यावर भिलीत बोलावे आणि आम्ही खाली मराठी अक्षरे वाचून ते समजून घ्यावे, एवढे कष्ट प्रेक्षक म्हणून आम्ही आनंदाने घेऊ.